संकेतस्थळावर नक्की किती माणसं येतात? सर्व्हरच्या लॉगमधून आकडेवारी काढायला मदत हवी

पानगळ | सोमवार, रात्री ९:४०

आमच्या छोट्या मंडळाचं एक संकेतस्थळ आहे. जुने लेख, फोटो, दहा-बारा पीडीएफ, एवढंच. आधी जे बघायचे त्यांना वेळ मिळेनासा झाला, त्यांनी पासवर्डची चिठ्ठी माझ्या हातात ठेवली आणि तेव्हापासून हे काम माझ्या गळ्यात आहे. परवा सचिवांनी विचारलं, "महिन्याला किती लोक येतात आपल्याकडे?" मी "बघून सांगते" म्हणाले आणि फसले.

सर्व्हर डेबियनचा (लिनक्सचा एक प्रकार), त्यावर पानं पुरवणारा प्रोग्रॅम अपाची. शोधाशोध करून लॉगमधून (सर्व्हरकडे आलेल्या मागण्यांच्या नोंदवहीतून) आकडे काढणारं एडब्ल्यूस्टॅट्स बसवलं, कॉन्फिग फाईलमध्ये साईटचं नाव टाकलं. पान उघडतं, पण वर "नेव्हर अपडेटेड" आणि खाली सगळी शून्यं. दोन दिवस झाले. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) दर दहा मिनिटांनी चालणारी नोंद दिसतेय, म्हणजे काहीतरी चालत असणार. पानाला बाहेरून कोड लावायचा नाहीये, जे सर्व्हरवर आधीच आहे त्यातूनच आकडे हवेत. काय चुकतंय?

गोगलगाय | सोमवार, रात्री ९:५८

एडब्ल्यूस्टॅट्स? अजून? गोअ‍ॅक्सेस टाका, पाच मिनिटांत मोकळ्या व्हाल.

टर्मिनलवेडा | सोमवार, रात्री १०:२५

गोगलगाय, आधी त्यांचं दुखणं तरी ऐकून घ्या.

पानगळ, (आज्ञा, फायलींची नावं सगळं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर मूळ स्पेलिंगच द्या) बहुतेक परवानगीचा घोळ असणार. डेबियनवर अपाचीचे लॉग रूटच्या (सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या) मालकीचे आणि 'एडीएम' गटाला वाचता येतील असे असतात, बाकी कुणाला दार बंद. ती क्रॉनची नोंद मात्र 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या वापरकर्त्याच्या नावाने चालते. त्याला ना फाईल वाचता येते, ना त्या फोल्डरमध्ये पाय टाकता येतो. तो दर दहा मिनिटांनी येतो, दार वाजवतो, निमूट परत जातो. तुम्हाला पत्ताही लागत नाही.

पटकन उपाय म्हणून लोक सांगतात की डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाला एडीएम गटात टाका. चालतं, पण मला पटत नाही. त्याच नावाने तुमची साईट चालते. साईटच्या एखाद्या स्क्रिप्टला भोक पडलं, तर आत शिरणाऱ्याला सगळे लॉग वाचायला मोकळे. मी आकडेवारीसाठी वेगळा वापरकर्ता काढतो, त्याला एडीएम गटात घालतो आणि क्रॉनच्या नोंदीत त्याचं नाव लावतो.

तोवर एकदा हाताने अपडेट चालवा आणि शेवटच्या ओळी इथे लिहा.

पानगळ | सोमवार, रात्री ११:१०

रूट होऊन चालवलं. वेगळीच कुरकूर आली. त्याचं म्हणणं असं की लॉगच्या पहिल्या ५० ओळींत लॉगफॉरमॅटशी (ओळीच्या ठरवलेल्या साच्याशी) जुळणारी एकही ओळ सापडली नाही, म्हणून थांबतोय. लॉगफॉरमॅट १ आहे, ते मी बदललेलं नाही.

जुनाजाणता | मंगळवार, सकाळी ७:०५

१ म्हणजे 'कम्बाइन्ड' नावाचा साचा. कॉन्फिगमध्ये लॉगफाईल म्हणून कुठली फाईल दिलीय? आणि तिच्यातली एक ओळ दाखवा. आयपी पत्ता बदलून टाका, आहे तसा डकवू नका.

पानगळ | मंगळवार, सकाळी ८:३०

ॲक्सेस डॉट लॉग रिकामी होती म्हणून 'अदर व्हीहोस्ट्स ॲक्सेस' नावाची दिली, तिच्यात मजकूर होता. ओळ अशी, नावं आणि आयपी बदलून:

मंडळ.उदाहरण:४४३ २०३.०.११३.२५ - - [०४/मार्च/२०२५:२१:१४:०७ +००००] "गेट /लेख/विहीर.एचटीएमएल एचटीटीपी/१.१" २०० १८४३२ "-" "मोझिला/५.० …"

जुनाजाणता | मंगळवार, सकाळी ९:००

सापडला चोर. ओळीच्या सुरुवातीचं "मंडळ.उदाहरण:४४३" बघा. कम्बाइन्डमध्ये ओळ आयपीपासून सुरू होते. डेबियनच्या अपाचीत ज्या साईटच्या व्हर्च्युअलहोस्टमध्ये (त्या साईटपुरत्या सेटिंगमध्ये) स्वतःचा कस्टमलॉग (लॉग कुठल्या फाईलमध्ये लिहायचा ती ओळ) लिहिलेला नसतो, तिचे उद्योग या सामायिक फाईलमध्ये जातात, आणि कुठल्या साईटची ओळ ते कळावं म्हणून पुढे साईटचं नाव आणि पोर्ट चिकटवलेला असतो. एडब्ल्यूस्टॅट्स पहिल्या रकान्यात पाहुण्याचा पत्ता शोधतोय आणि त्याला घरमालकाचंच नाव मिळतंय.

तुमच्या साईटच्या व्हर्च्युअलहोस्टमध्ये कस्टमलॉगची एक ओळ घाला: स्वतंत्र फाईल, प्रकार कम्बाइन्ड. अपाची रीलोड करा आणि एडब्ल्यूस्टॅट्सला ती नवी फाईल दाखवा.

त्या ओळीत काय काय आहे ते एकदा समजून घ्या, पुढे पदोपदी लागेल. पाहुण्याचा पत्ता, मग दोन रेघा. पहिली रेघ 'आयडेंट'ची, तिथे आता कुणाकडेच काही नसतं. दुसरी लॉगिन केलेल्या नावाची. मग वेळ आणि यूटीसीपासूनचं (जागतिक प्रमाणवेळेपासूनचं) अंतर. मग मागणी, मग सर्व्हरचं उत्तर (२०० म्हणजे दिलं), मग किती बाइट गेले. शेवटचे दोन अवतरणातले रकाने म्हणजे कुठून आला आणि कोण म्हणवतो. "म्हणवतो" हे मुद्दाम लिहिलंय. तिथे काय लिहायचं ते पाहुणाच ठरवतो. झाडून सगळे ब्राउझर स्वतःला मोझिला म्हणवतात, त्यावरून काय ते ओळखा.

अवांतर: "कुठून आला" या रकान्याचं इंग्रजी नाव 'रेफरर'. एचटीटीपीत (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याच्या नियमांत) त्याचं स्पेलिंग एक 'आर' गाळून लिहिलंय. १९९६ च्या आरएफसी १९४५ या एचटीटीपीच्या दस्तऐवजात ती चूक तशीच छापली गेली आणि आता जग बदलेल पण ती बदलणार नाही. कॉन्फिगमध्ये शुद्ध स्पेलिंग लिहिलंत तर रकाना रिकामा येईल. इथे अशुद्धच लिहायचं.

चष्मिष्ट | मंगळवार, सकाळी ९:२०

शुद्धलेखनाच्या धाग्यावर ही माहिती द्यायला हवी :)

टर्मिनलवेडा | मंगळवार, सकाळी ९:४५

पानगळ, आणखी एक. काल रूट होऊन चालवलंत ना? ओळी जुळल्या असत्या तर डेटाची फाईल रूटच्या मालकीची झाली असती आणि नंतर क्रॉनवाल्याला तिच्यात लिहिता आलं नसतं. मग तुम्ही म्हणाला असतात, "काल चाललं, आज परत बंद!" हाताने चालवाल तेव्हा सूडोने त्याच वापरकर्त्याच्या नावाने चालवा. या खड्ड्यात मी स्वतः दोनदा पडलोय.

निशाचर | मंगळवार, रात्री १२:५०

चांगल्या धाग्यात घुसतोय, माफ करा. माझ्या रिपोर्टमध्ये गेला महिनाभर एकच पाहुणा आहे. १२७.०.०.१. इमानदारीने रोज येतो, हजारो पानं वाचतो.

जुनाजाणता | बुधवार, सकाळी ६:५५

अहो, तो तुमचाच सर्व्हर आहे. पुढे एनजिनएक्स प्रॉक्सी (मागणी घेऊन मागे पोचवणारा मध्यस्थ) आणि मागे अपाची, असं असणार. पाहुणा एनजिनएक्सला भेटतो, अपाचीला फक्त एनजिनएक्स भेटतो. खरा पत्ता 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' या हेडरमध्ये (मागणीला जोडलेल्या माहितीच्या ओळीत) येतो. अपाचीत 'मॉड रिमोटआयपी' सुरू करा, कुठलं हेडर ते सांगा, आणि लॉगच्या साच्यात टक्का-एच च्या जागी टक्का-ए घाला. एनजिनएक्स मागे असेल तर त्यात 'रिअलआयपी' मॉड्यूल आहे.

मात्र विश्वास कुणाच्या हेडरवर ठेवायचा ते नीट लिहा: फक्त तुमच्या प्रॉक्सीचा पत्ता. सगळ्यांवर ठेवलात तर कुणीही हेडरमध्ये हवा तो पत्ता लिहून पाठवेल आणि तुम्ही तो छापत बसाल. पुढे सीडीएन (पानांच्या प्रती साठवून परस्पर देणारं बाहेरचं जाळं) असेल तर अजून एक गोम आहे. जी पानं सीडीएनच्या साठ्यातून जातात त्यांची मागणी तुमच्यापर्यंत येतच नाही. तिथे तुमचा लॉग प्रत्यक्षापेक्षा कमी सांगतो.

निशाचर | बुधवार, रात्री १:१५

झालं! १२७ गेला, माणसं आली. थोडं वाईटही वाटलं, एवढा निष्ठावान वाचक होता.

पानगळ | गुरुवार, रात्री ८:२०

मंडळी, चाललं! नवा लॉग मंगळवारपासून भरतोय, आकडे दिसतायत. हुरूप आला म्हणून जुन्या सामायिक फायलीही घालायला गेले. त्या फक्त १४ दिवसांच्याच निघाल्या, त्याआधीचं काहीच नाही. पहिला रकाना 'कट'ने छाटला, मग ओळ थेट कम्बाइन्डसारखी होते (हे मला स्वतःला सुचलं, टाळ्या वाजवा). पण अपडेट चालवल्यावर एकही नवी नोंद नाही. सगळ्या ओळी "ओल्ड रेकॉर्ड्स" म्हणून बाजूला टाकल्या. ओळी तर बरोबर आहेत!

टर्मिनलवेडा | गुरुवार, रात्री ८:५०

टाळ्या. ओळी बरोबर, क्रम चुकला. एडब्ल्यूस्टॅट्स शेवटची वाचलेली वेळ लक्षात ठेवतो आणि त्याआधीचं काहीही आलं की "हे माझं वाचून झालंय" म्हणतो. त्यामुळेच दर दहा मिनिटांनी तीच फाईल दिली तरी आकडे दुप्पट होत नाहीत. पण मंगळवार आधी भरवला आणि मागचा आठवडा नंतर, तर तो तोंड फिरवणार.

मंगळवारपासूनच्या डेटाची फाईल बाजूला हलवा (पुसू नका), मग सगळ्यात जुन्या लॉगपासून क्रमाने भरा. आणि फायली एलएसने दिसतात त्या क्रमाने देऊ नका, त्यात १० नंबर २ च्या आधी येतो. एडब्ल्यूस्टॅट्सबरोबरच 'लॉगरिझॉल्व्हमर्ज' नावाची स्क्रिप्ट येते, ती अनेक फायली वेळेनुसार एकत्र विणून देते, जीझिप केलेल्यासुद्धा. तिचं आउटपुट पाइपने (थेट पुढच्या आज्ञेला) द्या.

१४ दिवसांचं कारण लॉगरोटेट, म्हणजे जुनी लॉग फाईल बाजूला करून नवी सुरू करणारी सोय. डेबियनच्या अपाचीसाठी ते रोज फाईल फिरवतं आणि १४ ठेवतं, पंधरावी पुसली जाते. पुढची काळजी म्हणून आणखी एक: मध्यरात्री फाईल फिरते तेव्हा शेवटच्या अपडेटनंतरच्या काही मिनिटांच्या ओळी नव्या फाईलबाहेर राहतात आणि हुकतात. फिरवण्याआधी एक अपडेट चालावा म्हणून प्रीरोटेटची सोय आहे, अपाचीच्या लॉगरोटेट नोंदीत ती दिसेल.

कोरीपाटी | गुरुवार, रात्री ९:०५

माझ्याकडे एनजिनएक्स. मी हाताने ॲक्सेस लॉगचं नाव बदललं आणि नवी रिकामी फाईल ठेवली, तरी एनजिनएक्स जुन्याच फाईलमध्ये लिहितोय. भूत?

टर्मिनलवेडा | गुरुवार, रात्री ९:१२

भूत नाही, सवय. फाईल एकदा उघडली की तो तिलाच धरून बसतो, नाव काहीही झालं तरी. त्याच्या मुख्य प्रोसेसला यूएसआर१ सिग्नल पाठवा, मग नवी फाईल उघडेल. लॉगरोटेट हेच पोस्टरोटेटमध्ये करतं, त्याला करू द्या.

पानगळ | शुक्रवार, रात्री १०:००

सगळं क्रमाने भरलं. आता १४ दिवसांचा आकडा बघून मीच घाबरलेय. भेटी १९ हजार, वेगळे पाहुणे ११,४००. आमच्या मंडळाचे सभासद अडीचशे. सचिवांना हा आकडा सांगितला तर ते उद्याच जाहिराती मागायला निघतील. खरा आहे का हा?

गोगलगाय | शुक्रवार, रात्री १०:०४

नाही.

जुनाजाणता | शनिवार, सकाळी ७:३०

गोगलगायीने आज वेग दाखवला, पण उत्तर बरोबर आहे.

सुरुवातीला लोक फक्त हिट्स मोजायचे. १९९५ साली स्टीफन टर्नर यांनी केंब्रिजमध्ये ॲनालॉग लिहिलं, १९९७ मध्ये ब्रॅडफर्ड बॅरेट यांचं वेबलायझर आलं. तेव्हा "आमच्या साईटला लाख हिट्स" असं लोक मिरवायचे. हिट म्हणजे एक मागणी. तुमच्या एका लेखात बारा फोटो असतील तर एक माणूस एकदा आला तरी पंधरा-सोळा हिट्स. पान वाढवायचं नसेल आणि हिट्स वाढवायचे असतील तर फोटोचे तुकडे करायचे, झालं.

म्हणून मग 'पानं', 'भेटी' आणि 'वेगळे पाहुणे' आले. पण लॉगमध्ये भेट नावाची गोष्टच नसते, तिथे फक्त मागण्या असतात. भेट हे त्या प्रोग्रॅमने ठरवलेलं गणित आहे. समजा कुणी १० वाजता एक लेख वाचला, उठून काहीतरी काम केलं आणि १०:४५ ला दुसरा उघडला. वेबलायझर मूळ सेटिंगला अर्धा तास धरतो, म्हणून दोन भेटी. एडब्ल्यूस्टॅट्स तासभर धरतो, म्हणून एक. माणूस तोच, लॉग तोच. त्यामुळे हत्यार बदललं की जुन्या आकड्यांशी तुलना करायची नाही.

'वेगळे पाहुणे' म्हणजे एडब्ल्यूस्टॅट्सच्या लेखी वेगळे आयपी पत्ते. मोबाईल नेटवर्कवर शेकडो लोक एका पत्त्यामागे असतात, आणि एकच माणूस घरी, वाटेत, कामावर मिळून दिवसात तीन पत्त्यांवरून येतो. आणि हो, रोजचे पाहुणे बेरीज करून महिन्याचे काढू नका, रोज येणारा वाचक तीस वेळा मोजला जाईल. वर्षाच्या पानावरही तो आकडा नेमका मिळत नाही, तिथे महिन्यांची नुसती बेरीज असते.

यंत्रमानवांबद्दल (बॉट, म्हणजे आपोआप पानं मागत फिरणारे प्रोग्रॅम) चष्मिष्ट यांनी लिहावं, त्यांनी त्यात बरंच डोकं घातलंय.

चष्मिष्ट | शनिवार, दुपारी १२:४०

आज्ञा शिरसावंद्य.

एडब्ल्यूस्टॅट्स जे बॉट ओळखतो त्यांना "न पाहिलेली रहदारी" या वेगळ्या रांगेत टाकतो, तुमच्या ११,४०० मध्ये ते नाहीत. पण ओळखतो कशावरून? त्या शेवटच्या रकान्यावरून, म्हणजे बॉटने प्रामाणिकपणे नाव सांगितलं तर. गूगलबॉट सांगतो, ओपनएआयचा जीपीटीबॉट सांगतो. बाकीचे क्रोमचा मुखवटा घालून येतात.

मुखवट्याआडचा कसा ओळखायचा? आकडे सोडा, लॉग उघडून एकाच पत्त्याच्या ओळी सलग वाचा. माझ्या साईटवरची दोन उदाहरणं. पहिला पाहुणा: लेखाचं पान मागितलं, त्याच सेकंदात सीएसएस फाईल (पानाचं रूप ठरवणारी), जावास्क्रिप्ट, सात फोटो आणि फेव्हिकॉन (टॅबवरचं छोटं चित्र). मग तीन मिनिटं शांतता. मग दुसरा लेख, आणि "कुठून आला" मध्ये पहिल्या लेखाचा पत्ता. हा माणूस. वाचतोय, मग त्या लेखातल्या दुव्यावर टिचकी मारतोय.

दुसरा पाहुणा: दर दोन सेकंदांनी एक पान, एकूण चाळीस. एकही फोटो नाही, सीएसएस नाही. "कुठून आला" चाळीसही वेळा रेघ. आणि एकेचाळिसावी मागणी वर्डप्रेसच्या लॉगिन पानाची. माझी साईट साध्या एचटीएमएलची आहे, वर्डप्रेसचा तिला वाराही लागलेला नाही. हा कड्या तपासत फिरणारा. ब्राउझरच्या रकान्यात मात्र ऐटीत क्रोम.

म्हणून माझी ढोबळ चाळणी: ज्या पत्त्याने पानाबरोबर सीएसएस मागितली तोच पाहुणा. ऑक या आज्ञेने सीएसएसच्या ओळी निवडा, त्यांचा पहिला रकाना घ्या, सॉर्ट करा, युनिकने दुबार काढा, मोजा. चाळणीला भोकं आहेत. नेहमीच्या वाचकाच्या ब्राउझरात सीएसएस आधीच साठवलेली असते, तो ती पुन्हा मागणार नाही किंवा मागितली तर ३०४ ("बदललेली नाही") येईल, म्हणून ३०४ च्या ओळीही धरा. उलट काही बॉट खराखुरा ब्राउझर चालवून सगळंच उतरवतात, ते यातून निसटतात. तरी आकडा माणसात येतो.

गूगलबॉट असल्याची बतावणी करणारेही पुष्कळ. शंका आली तर त्या पत्त्याचं उलट डीएनएस (पत्त्यावरून नाव) बघा, नाव गूगलबॉट डॉट कॉमखालचं निघालं पाहिजे, आणि त्या नावाचं सुलट डीएनएस (नावावरून पत्ता) पुन्हा त्याच पत्त्यावर आलं पाहिजे. दोन्ही बाजूंनी. नुसतं उलटं कुणीही हवं ते लिहून ठेवू शकतो.

पानगळ | शनिवार, संध्याकाळी ६:१५

चाळणी लावली. ११,४०० चे १,३५० झाले. चहा गार झाला माझा.

गोगलगाय | शनिवार, संध्याकाळी ६:३०

आता ऐकाल का? गोअ‍ॅक्सेस. सी भाषेतला, टर्मिनलवरच चालतो. लॉगची फाईल द्या, लॉग-फॉरमॅट कम्बाइन्ड सांगा, आउटपुटला एचटीएमएल फाईलचं नाव द्या, एकच ओळ. 'इग्नोर-क्रॉलर्स' लावलं की ओळखीचे बॉट बाहेर. जुन्या फायली झेडकॅटने उघडून पाइपने द्यायच्या. कॉन्फिग नाही, क्रॉन नाही, परवानग्यांचं रडगाणं नाही.

टर्मिनलवेडा | शनिवार, संध्याकाळी ७:०५

परवानग्यांचं रडगाणं आहेच, लॉग वाचायला तुम्ही रूट होता म्हणून ऐकू येत नाही :)

बाकी सहमत. आत्ता काय चाललंय ते बघायला गोअ‍ॅक्सेस झकास, मीही वापरतो. पण महिन्यामागून महिना साठवायचा तर त्यालाही 'पर्सिस्ट' आणि 'रिस्टोर' लावून डेटा कुठे ठेवायचा ते सांगावं लागतं. आणि त्याचं थेट बदलणारं पान वेबसॉकेटवर चालतं, मूळ पोर्ट ७८९०. तो पोर्ट सगळ्या जगाला उघडा ठेवलेले सर्व्हर मी पाहिलेत.

ज्यांना लॉगमधूनच पण चकचकीत पानं हवीत त्यांच्यासाठी मॅटोमो. २०१८ पर्यंत त्याचं नाव पिविक होतं. पानात कोड न लावता लॉग आयात करायची पायथन स्क्रिप्ट त्यात मिळते. पण त्याला डेटाबेस लागतो, अडीचशे सभासदांच्या मंडळाला तो हत्ती पोसण्यासारखा आहे.

जुनाजाणता | शनिवार, रात्री ८:२०

सुरक्षेचं कुणी बोललंच नाही. पानगळ, तुमचं रिपोर्टचं पान पासवर्डशिवाय उघडतं का?

पानगळ | शनिवार, रात्री ८:२५

...हो.

जुनाजाणता | शनिवार, रात्री ८:४५

मग आज रात्रीच बंद करा. एडब्ल्यूस्टॅट्सचं ते पान म्हणजे सर्व्हरवर चालणारी पर्ल स्क्रिप्ट आहे. २००५ साली तिच्या 'कॉन्फिगडिर' या पॅरामीटरमध्ये असं भोक सापडलं होतं की पत्त्याच्या पट्टीत मजकूर लिहून सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता यायची. ६.३ आवृत्तीत ते बुजलं, पण गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. मी ती स्क्रिप्ट बाहेर ठेवतच नाही. 'बिल्डस्टॅटिकपेजेस' नावाची जोडस्क्रिप्ट रोज एकदा साधी एचटीएमएल पानं काढून ठेवते, ती पासवर्डमागे.

दुसरं कारण रेफरर स्पॅम. काही टोळ्या "कुठून आला" मध्ये स्वतःच्या दुकानाचा पत्ता लिहून मागण्या पाठवत राहतात. तुमचा रिपोर्ट उघडा असेल तर त्यात त्यांच्या साईटचा दुवा फुकटात छापला जातो. त्यासाठीच तर येतात. रिपोर्टमधले अनोळखी दुवे उत्सुकतेपोटी उघडू नका.

आणि लॉगमध्ये लोकांचे आयपी पत्ते असतात, कधीकधी पत्त्याच्या पट्टीतून त्यांचे ईमेल आणि टोकनही येतात. सचिवांना पाठवाल त्यात 'होस्ट्स'ची यादी नको. गोअ‍ॅक्सेसमध्ये पत्ता झाकायची सोय आहे, 'अ‍ॅनॉनिमाइझ-आयपी'.

कोरीपाटी | रविवार, सकाळी १०:००

एक शंका. माझ्या रिपोर्टमध्ये "कुठल्या शब्दांनी शोधून आले" हा तक्ता जवळपास रिकामाच असतो. काही बसवायचं राहिलंय का?

चष्मिष्ट | रविवार, सकाळी १०:३०

तुमचं काही राहिलेलं नाही. पूर्वी शोधलेले शब्द रेफररमध्ये यायचे. २०११ पासून गूगलने ते झाकायला सुरुवात केली. वर २०२० मध्ये क्रोम ८५ पासून ब्राउझरच दुसऱ्या साईटला फक्त मूळ नाव सांगतो, आतल्या पानाचा पत्ता नाही. तो तक्ता आता स्मारक म्हणून ठेवायचा.

पानगळ | रविवार, रात्री ९:३०

पासवर्ड लावला, स्क्रिप्ट आत घेतली. अजून एक गंमत. तासांच्या तक्त्यात आमच्याकडे भर मध्यरात्रीनंतर गर्दी दिसते. आमचे वाचक तर दहाला झोपणारे.

टर्मिनलवेडा | रविवार, रात्री ९:४०

तुमच्या ओळीत वेळेपुढे +०००० होतं. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर आहे, वाचकांचं नाही. घड्याळ बदलू नका, तक्ता वाचताना मनात फरक धरा. टाइमझोनचं प्लगइन आहे, पण त्याने वेग मंदावतो.

पानगळ | एका महिन्यानंतर, मंगळवार, रात्री १०:१०

बरेच दिवस गायब होते. पहिला पूर्ण महिना झाला, रिपोर्ट दिला. एकच आकडा न देता लिहिलं: "चाळणी लावून सुमारे २,६०० पत्त्यांवरून लोक आले. प्रत्यक्ष माणसं याहून थोडी कमी किंवा जास्त असू शकतात. मोजण्याची पद्धत पुढच्या महिन्यात हीच राहील." सचिवांनी वाचलं, मान हलवली, पान उलटलं.

पण त्यांचं लक्ष गेलं ते ४०४ च्या ("सापडत नाही" उत्तर मिळालेल्या पत्त्यांच्या) यादीवर. मी ती सहज जोडली होती. यादीत वर्डप्रेसचं लॉगिन पहिलं, ते सोडलं. तिसऱ्या क्रमांकावर आमचा सभासद अर्ज. महिन्यात २१२ वेळा मागितला गेला आणि २१२ वेळा "सापडत नाही" मिळालं. मीच दोन महिन्यांपूर्वी फायलींची नावं नीटनेटकी करताना मोठ्या लिपीतलं पहिलं अक्षर लहान केलं होतं. जुने दुवे सगळे तुटले. ओळी उघडून बघितल्या, फोटो-सीएसएस सगळं बरोबर मागणारी खरी माणसं होती, अगदी चष्मिष्ट यांच्या पहिल्या पाहुण्यासारखी. काही जणांनी तर एका मिनिटात तीन-तीनदा प्रयत्न केलाय.

३०१ लावून जुना पत्ता नव्याकडे वळवला. चार दिवसांत नऊ अर्ज आले.

चष्मिष्ट | मंगळवार, रात्री १०:२५

तीन-तीनदा प्रयत्न करणारे... वाचून कसंतरी झालं. मीही माझी ४०४ ची यादी बघतो आता.

पानगळ | मंगळवार, रात्री १०:४०

आता सचिव म्हणतात, पुढच्या वर्षी याच महिन्याशी तुलना हवी. त्यासाठी लॉगरोटेटचे १४ चे ४०० करू का?

जुनाजाणता | बुधवार, सकाळी ७:००

नको. लोकांचे पत्ते वर्षभर साठवून करायचंय काय? एडब्ल्यूस्टॅट्सच्या महिन्याच्या डेटा फायलीत बेरजा झालेल्या असतात, तुलनेला त्या पुरतात. प्रत्येक महिन्याची एक साधी मजकूर फाईल, नावात महिना आणि वर्ष. चाळणीचा आकडा तेवढा दर महिन्याला वेगळा लिहून ठेवा, तो त्यात नसतो. डेटा फायलींचा बॅकअप घेताय ना?

पानगळ | बुधवार, सकाळी ७:२२

आत्ता घेतला.